कोंबडं झाकलं आणि उजाडलंच नाही

मराठीच्या तासाला म्हणी घेताना एक म्हण मी दरवर्षी विचारतो: कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. अर्थ सगळ्यांना येतो. खरी गोष्ट दडपून दडपत नाही, वेळ आली की बाहेर पडतेच. वर्ग एका सुरात 'येस सर' म्हणतो आणि मी पुढच्या म्हणीकडे वळतो. या म्हणीकडे उलट्या बाजूने पाहावं असं मला इतक्या वर्षांत कधी सुचलं नाही. ते सुचलं दसऱ्याच्या सुट्टीत, म्हैसूरला, नजरबादमधल्या माझ्या ताईच्या घरी. तिथे भाच्याने मला एक कन्नड लोककथा सांगितली. तिच्यात एक म्हातारी गावातला कोंबडा चोरून नेते, आणि गावात खरोखरच उजाडत नाही.

म्हैसूरच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेल्या एका तरुणाने पुण्यात शिकत असताना या कथेवर सोळा मिनिटांचा लघुपट केला. २०२४ च्या मे महिन्यात फ्रान्समधल्या कान महोत्सवात त्याला विद्यार्थ्यांच्या लघुपटांतलं पहिलं पारितोषिक मिळालं. आपल्या फिल्म क्लबचा लघुपट मात्र एका आंतरशालेय महोत्सवातून निवड न होता परत आला होता. हे दोन लघुपट शेजारी ठेवून मी काय शिकलो ते या पानावर मांडायचं आहे. कॅडेट मित्रांनो, यात तुमच्यापेक्षा माझ्याच चुका जास्त आहेत, तेव्हा निर्धास्त वाचा.

आपला लघुपट तुमच्यापैकी बहुतेकांनी वार्षिक दिनाला पाहिला आहे. नऊ मिनिटांचा. सूर्योदय, ध्वज, पी.टी., ड्रिल, ऑब्स्टॅकल कोर्स, मेस, प्रेप, पुन्हा ध्वज. मागे बँडची धून आणि माझ्या आवाजातलं निवेदन. त्या निवेदनात 'शौर्य' हा शब्द सात वेळा येतो. लघुपट परत आल्यावर मी मोजला. परीक्षकांचा शेरा एका ओळीचा होता: शाळेची ओळख चांगली होते, पण गोष्ट कुणाची आहे ते कळत नाही. क्लबातली मुलं चिडली. "सर, आपल्याकडे ड्रोन नव्हता म्हणून झालं हे," असं एकजण म्हणाला. मी त्याला शिस्तीवर चार शब्द ऐकवले. मनातून मलाही तसंच वाटत होतं.

म्हैसूरचा दसरा म्हटलं की आपल्याला जंबू सवारी आणि बन्नीमंटपाच्या मैदानावरची मशालींची कवायत आठवते. निदान आपल्या शाळेतल्या माणसाला तरी दुसरं काय आठवणार! पण त्या दिवसांत कुस्त्या असतात, कविसंमेलन असतं, आणि चित्रपट महोत्सवही असतो. त्या महोत्सवात नव्या, स्थानिक मुलामुलींसाठी लघुपटांची स्पर्धा घेतात. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे आणि मित्रांच्या लघुपटांसाठी आवाज मुद्रित करतो. "मामा, मशालींची कवायत दर वर्षी असते, आज माझ्याबरोबर चला," म्हणून तो मला लघुपट दाखवायला घेऊन गेला.

आम्ही एका बैठकीत बारा-तेरा लघुपट पाहिले. काही मोबाइलवर केलेले, काही चांगल्या कॅमेऱ्यावर. प्रेक्षकांत निम्मे लोक लघुपट करणाऱ्यांचे आईवडील, आजी, शेजारी. पडद्यावर आपला मुलगा दिसला की मागून शिट्टी यायची. हे मला फार आवडलं. पण पाच-सहा लघुपट झाल्यावर मला वाटू लागलं की मी आपलाच लघुपट कन्नडमध्ये पाहतो आहे. विषय वेगळे होते: पाणी वाचवा, मोबाइलचं व्यसन, रस्त्यावरची सुरक्षितता. साचा एकच होता. सुरुवातीला वरून दिसणारं शहर, मग मंद गतीने चालणारा नायक, मग मोठं संगीत, आणि शेवटी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत उपदेश. कुणाच्याही तोंडावरची रेषा लक्षात राहिली नाही.

एकच लघुपट वेगळा होता. एक शिंपी, त्याचं एका खोलीचं दुकान, आणि शिवून तयार असलेला शाळेचा एक गणवेश, जो न्यायला कुणी येत नाही. शिंपी तो रोज खुंटीवरून काढतो, झटकतो आणि पुन्हा अडकवतो. बाकीचे कपडे येतात-जातात, हा तसाच राहतो. कारण कुणी सांगत नाही. पाच मिनिटांचा हा लघुपट साध्या मोबाइलवर केला होता, आणि तो संपल्यावर शिट्टी वाजली नाही. काही क्षण कुणाला टाळ्या वाजवायचं सुचलं नाही.

परत येताना मी भाच्याला विचारलं, "तुमच्याकडे एवढी साधनं आणि तो शिंप्याचा मुलगा मोबाइलवर पुढे गेला, हे कसं?" तेव्हा त्याने मला कोंबड्याची गोष्ट सांगितली.

चिदानंद एस. नाईक हे त्या लघुपटाच्या दिग्दर्शकाचं नाव. म्हैसूरला वैद्यकीय शिक्षण पुरं करून ते पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे एफटीआयआयमध्ये, टेलिव्हिजन विभागाच्या एक वर्षाच्या दिग्दर्शन अभ्यासक्रमाला गेले. त्या अभ्यासक्रमाच्या शेवटी दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन आणि ध्वनी या चार शाखांचे विद्यार्थी मिळून एक लघुपट करतात. नाईकांच्या गटात छायाचित्रणाला सूरज ठाकूर, संकलनाला मनोज व्ही. आणि ध्वनीला अभिषेक कदम होते. लघुपटाच्या नावाचा मराठीत अर्थ सांगायचा तर 'सूर्यफुलांना ते सर्वांत आधी कळलं'. सूर्य उगवला नाही हे पहिल्यांदा कुणाला कळणार? सूर्याकडे तोंड करून उभी असणाऱ्या फुलांनाच. नावातच गोष्ट अर्धी सांगून झाली आहे.

कानच्या ज्या विभागात हा लघुपट गेला त्याचं नाव 'ला सिनेफ'. जगभरच्या फिल्म शाळांतील विद्यार्थ्यांसाठी हा विभाग १९९८ मध्ये सुरू झाला. २०२४ मध्ये ५५५ शाळांकडून २२६३ लघुपट आले होते. त्यांतून १८ निवडले गेले आणि त्या १८ मध्ये हा पहिला आला. पारितोषिक १५००० युरोंचं होतं. याआधी २०२० मध्येही याच विभागातलं पहिलं पारितोषिक एफटीआयआयच्याच अश्मिता गुहा नियोगी यांच्या 'कॅटडॉग'ला मिळालं होतं, हे पुण्याजवळच्या पालकांना मुद्दाम सांगतो. आपल्या हाकेच्या अंतरावर काय चालतं हे आपल्याला बऱ्याचदा परदेशातून कळतं.

आकडे बाजूला ठेवू. मला थांबवलं ते कामाच्या अटींनी. चित्रीकरणाला दिवस चार. जागा संस्थेपासून ५० किलोमीटरच्या आतली, म्हणजे कर्नाटकातलं खेडं उभं करायचं ते पुण्याच्या आसपास. वेळ सोळा मिनिटं. गोष्ट अशी की तीत सूर्य उगवतच नाही, म्हणजे अंधाराशी सतत झगडा. हा विषय घेऊ नकोस असं त्यांना सांगितलंही गेलं होतं. नाईकांनी हट्टाने तोच घेतला, कारण लहानपणापासून ऐकलेली ही कथा त्यांच्या मनात होती. त्या गावात कोंबडा परत मिळवण्यासाठी भविष्यवाणीचा आधार घेतला जातो आणि म्हातारीच्या कुटुंबाला गाव सोडावं लागतं. पुढचं सांगत नाही. पाहायला मिळाला तर अंधाऱ्या खोलीत पाहा, जेवणाच्या टेबलावर मोबाइल टेकवून नको.

आता आपली म्हण पुन्हा घ्या. म्हण सांगते, कोंबडं झाकून काही होत नाही. कथा म्हणते, एक कोंबडा काढून घ्या आणि गावाचं काय होतं ते पाहा. म्हण उत्तर देते. कथा एक गोष्ट काढून घेते आणि थांबते. शिंप्याच्या लघुपटातही तेच आहे: एक मूल काढून घेतलं आहे, उरला आहे गणवेश. आपल्या नऊ मिनिटांत आम्ही काय काढून घेतलं होतं? काहीच नाही. उलट जे दिसेल ते भरत गेलो होतो. माझं निवेदन म्हणजे सात वेळा सांगितलेली म्हण होती.

मराठीत या कामाला चांगली परंपरा आहे आणि ती तुमच्या वयाच्या मुलांपासून फार दूर नाही. उमेश कुलकर्णी यांनी एफटीआयआयमध्ये असताना 'गिरणी' केला. घर चालवण्यासाठी आई पिठाची गिरणी घेते, आणि तिचा आवाज व पीठ एका मुलाच्या साऱ्या दिवसात शिरतं. इथे काढून घेतलेलं नाही, एक वस्तू घरात आणून ठेवली आहे, पण एकच. नागराज मंजुळे यांचा 'पिस्तुल्या' शाळेत जाऊ पाहणाऱ्या एका मुलाचा आहे. या दोन्ही लघुपटांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. मंजुळे यांच्याच 'पावसाचा निबंध'साठी त्यांना २०१७ या वर्षाचा दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात एका मुलाला शाळेतून गृहपाठ मिळालेला असतो: पावसावर निबंध लिही. बाहेर धो धो पाऊस आहे, घर गळतं आहे, बाप दारू पिऊन पावसात पडला आहे. मुलाने काय लिहावं?

हा लघुपट पाहून मी दोन दिवस अस्वस्थ होतो, कारण 'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध मी दर जूनमध्ये देतो. हिरवा शालू नेसलेली धरती आणि बळीराजाचा आनंद असला की दहापैकी आठ गुण. एका वर्षी एका मुलाने लिहिलं होतं की पावसाळ्यात बाबांची गाडी बंद असते म्हणून ते घरी असतात आणि आई गप्प असते. मी खाली लाल शाईने लिहिलं होतं: विषयाला धरून लिहा.

दादासाहेब फाळके यांच्या पहिल्या प्रयत्नाचं इथे स्मरण करतो. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला लोकांसमोर आला हे आपण सामान्यज्ञानाच्या पुस्तकात वाचतो. त्याच्या आधी, १९१२ मध्ये, लंडनहून कॅमेरा घेऊन आल्यावर त्यांच्यापुढे प्रश्न होता पैशांचा. लोकांना विश्वास कसा वाटावा? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचं रोप कसं वर येतं ते महिनाभराहून अधिक काळ टप्प्याटप्प्याने टिपलं. 'अंकुराची वाढ' हा तो छोटासा चित्रपट. राजा नाही, युद्ध नाही, देव नाहीत. एक कुंडी आणि भरपूर धीर. तो पाहून भांडवल द्यायला माणूस तयार झाला. आपल्या देशातल्या चित्रपटउद्योगाची उमेदवारी एका वाटाण्यावर झाली आहे. ड्रोन नसल्याची तक्रार करणाऱ्यांनी, आणि मीही, हे लक्षात ठेवलेलं बरं.

आता कामाचं बोलू. सेक्शन कमांडर तोंडी हुकूम देतो तेव्हा 'मकसद' किती वाक्यांत सांगतो? एका. तीन वाक्यांचा मकसद दिला तर उस्ताद तिथेच थांबवतील. लघुपटालाही तेच लावून पाहा. 'आमचा लघुपट शिस्त, देशप्रेम आणि मैत्री यांच्याबद्दल आहे' हा मकसद नव्हे. 'गावातला कोंबडा चोरीला जातो आणि उजाडत नाही' हा आहे. यात कोण, काय आणि त्याने काय बिघडलं, हे तिन्ही आलं.

नजरबादचंच उदाहरण देतो. ताईच्या घराच्या परिसराला मोठा इतिहास आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस टिपू सुलतानाने म्हैसूरचा जुना किल्ला पाडून त्याचे दगड इथे आणवले आणि नजरबाद नावाने नवा किल्ला बांधायला घेतला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणला टिपू पडला, राज्य वडेयरांकडे परत आलं, आणि तेच दगड पुन्हा जुन्या जागी नेण्यात आले. यावर लघुपट करा म्हटलं तर माझ्यासारखा मास्तर काय करील? नकाशे, चित्रं, तलवारींचा खणखणाट, आणि निवेदनात चार लढायांच्या तारखा. भाचा म्हणाला, "मामा, मी एक गाडीवान घेईन. जो दगड त्याने ओढून इकडे आणला होता, तोच आता परत न्यायला सांगितलंय. बैल मात्र दुसरे आहेत." त्याला इतिहासात जेमतेम पास होण्याइतके गुण मिळत, असं ताई सांगते. मी गप्प बसलो.

भाच्याकडून दुसरी गोष्ट शिकलो ती आवाजाची. आपल्या लघुपटात आवाज म्हणजे बँड आणि मी. नव्या मुलांना वाटतं की चित्र चांगलं हवं, आवाज काय, नंतर टाकू. प्रत्यक्षात प्रेक्षक थोडं अंधुक चित्र सहन करतो, न कळणारा संवाद मात्र दोन मिनिटंही सहन करत नाही. चित्रीकरणाच्या खोलीतला पंखा बंद करायचा. फ्रिज बंद करायचा, आणि तो पुन्हा सुरू करायला विसरू नये म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. किल्लीशिवाय कुणी घरी जाऊ शकत नाही! माइक बोलणाऱ्याच्या जितका जवळ नेता येईल तितका न्यायचा. आणि काम संपल्यावर सगळ्यांनी अर्धा मिनिट हुं की चूं न करता उभं राहायचं आणि त्या खोलीची नुसती शांतता मुद्रित करायची. प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते. संकलनात दोन तुकडे जोडताना ती लागते. आपल्या बॅरॅकची रात्री दहानंतरची शांतता, लांबून येणारी पहारेकऱ्याची शिट्टी, कुणाच्या तरी लोखंडी खाटेची कुरकुर, हे घरी बसलेल्या आईने कधी ऐकलेलं नाही. बँडची धून तिने टीव्हीवर शंभर वेळा ऐकली आहे.

लांबीबद्दल एवढंच की कमी ती बरी. ऑस्करच्या नियमात चाळीस मिनिटांपर्यंतचा चित्रपट लघुपट धरतात, श्रेयनामावलीसह. कानच्या मुख्य लघुपट स्पर्धेत ही मर्यादा पंधरा मिनिटं आहे. आपल्या क्लबसाठी मी सहा ठरवली आहे. सहा मिनिटं पुरत नाहीत असं म्हणणाऱ्याने आधी वाटाणा आठवावा.

परवानगीचं कलम सैनिकी शाळेत टाळता येत नाही. गेट, शस्त्रागार, टेहळणीची जागा, लष्करी वाहनं, ओळखचिन्हं आणि क्रमांक यांचं चित्रीकरण करायचं नाही. कुठे कॅमेरा चालेल आणि कुठे नाही, हे ॲडज्युटंट साहेबांकडून लेखी घ्यायचं आणि चित्रीकरण झाल्यावर सगळे तुकडे त्यांना दाखवायचे. यात कुणाचा संशय नाही. तुम्हाला निरुपद्रवी वाटणाऱ्या चित्राच्या कोपऱ्यात काय दिसतं आहे, हे तुमच्या लक्षात येतच असं नाही. सिनेमातलं संगीत उचलून लावायचं नाही, ते दुसऱ्याच्या मालकीचं असतं. स्वतः वाजवा, आपल्याकडे बासरी वाजवणारे दोन कॅडेट आहेत आणि दोघांना वाटतं की मला माहीत नाही.

आणखी एक परवानगी आहे. ती साहेबांकडून मिळत नाही.

सुट्टीहून आल्यावर मी क्लबला एकच प्रश्न दिला: आपल्या शाळेतली एक वस्तू काढून घ्या, किंवा एक गोष्ट घडू देऊ नका, आणि काय होतं ते सांगा. सुरुवातीला नेहमीची उत्तरं आली: बिगुल, तिरंगा, मेसमधला रविवारचा रस्सा. मग एका मुलाने रविवारच्या फोनची रांग सांगितली. पालकांना ती माहीत आहे. प्रत्येकाला थोडी मिनिटं मिळतात आणि मागचा घसा खाकरत असतो. त्या मुलाने सांगितलेली गोष्ट अशी: रांगेत एक कॅडेट दर रविवारी उभा राहतो, नंबर लावतो, पलीकडे घंटा वाजत राहते, कुणी उचलत नाही, तो फोन ठेवतो आणि मागच्याला जागा देतो. पुढच्या रविवारी पुन्हा रांगेत.

खोली शांत झाली. कारण असा कॅडेट आपल्याकडे आहे हे सगळ्यांना माहीत होतं आणि तो त्या खोलीतच बसला होता.

मला पहिल्यांदा आनंद झाला, हे कबूल करतो. लघुपट सापडला, असं वाटलं. मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तास संपल्याचं सांगून सगळ्यांना सोडलं. परीक्षकांनी विचारलं होतं, गोष्ट कुणाची आहे? इथे उत्तर स्पष्ट होतं. गोष्ट त्याची होती, आणि त्याने ती दिलेली नव्हती.

दोन दिवसांनी मी त्याला एकट्याला बोलावलं. म्हटलं, हा विषय बंद करायचा असेल तर आत्ता सांग, कुणालाही कारण द्यावं लागणार नाही. तो म्हणाला, "सर, बाबा जिथे आहेत तिथे रेंज नसते. आईचा फोन त्या वेळी दवाखान्याच्या कपाटात असतो, तिची ड्युटी असते. तरी मी लावतो. घरातली घंटा वाजते ना सर." मी विचारलं, घरात कोण असतं? तो म्हणाला, कुणी नाही. बंद घरातल्या फोनची घंटा तो दर रविवारी वाजवतो, इतकंच.

हे मी इथे त्याच्या आणि त्याच्या आईच्या परवानगीने लिहितो आहे. आईंना मी स्वतः फोन केला. संध्याकाळी केला, तेव्हा उचलला. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सर, करू दे त्याला. पण रडका करू नका. तो रडत नाही."

लघुपट आता कागदावर आहे. त्याने दोन अटी घातल्या. पडद्यावर तो दिसणार नाही, दुसरा कॅडेट उभा राहील. आणि आवाजाचं काम त्याच्याकडे राहील. घरातल्या घंटेचा आवाज तो दिवाळीच्या सुट्टीत जाऊन स्वतः मुद्रित करून आणणार आहे, पंखा आणि फ्रिज बंद करून. किल्लीची युक्ती मी सांगितली आहे. क्लबात सध्या एकाच गोष्टीवर भांडण आहे. शेवटच्या रविवारी कुणीतरी फोन उचलावा, असं चौघांचं मत आहे. उचलू नये असं तिघांचं. त्याचं मत कुणी विचारलं तर तो म्हणतो, अजून ठरवलं नाही. निवेदन नाही, हे मात्र एकमताने ठरलं आहे, आणि त्या मतदानात मला मत नव्हतं.

बाकीच्यांनी आपापला मकसद एका वाक्यात लिहून सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी प्रेपच्या आधी माझ्याकडे द्यावा. पटकथा हस्ताक्षरात तीन पानं, त्यापुढचं वाचणार नाही. पालकांनी मुलांना कॅमेरा विकत घेऊन देऊ नये; क्लबचा एक मोबाइल आणि एक माइक आहे, तेवढ्यात भागेल. यंदाच्या पावसाच्या निबंधांपैकी ज्यांवर मी लाल शाईने 'विषयाला धरून लिहा' असं लिहिलं असेल, त्यांनी ती वही घेऊन मला भेटावं.